रक्तपेढीचं पत्र आणि खाटेतले ढेकूण

गावाबाहेर इंजिनिअरिंगचं कॉलेज सुरू झालं आणि अवसरी खुर्दमध्ये ज्याच्या त्याच्या परसात भाड्याच्या खोल्या उभ्या राहू लागल्या. आम्हीही घरामागं पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या. एकीत कांदा भरला, दुसरीत तीन मुली राहायला आल्या. एक लातूरकडची, एक नाशिकची, एक साताऱ्याची. तिघी दुसऱ्या वर्षाला होत्या. सकाळ-संध्याकाळचं जेवण आमच्याकडंच. मी त्यांची काकू झाले आणि माझ्या सासूबाई त्यांच्या आजी. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे.

आमचं घर बौद्धांचं. आत्यांच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा आत्या परकर-पोलक्यातल्या होत्या, पण त्याआधीचंही त्यांना सगळं आठवायचं. कुठल्या कुठल्या गावच्या, कुठल्या कुठल्या जातीच्या मुली आपल्या घरात जेवतात याचं त्यांना नवल वाटायचं. आल्या दिवशी लातूरच्या मुलीनं सामान टाकलं, "आजी, तहान लागली" म्हणत सरळ माठाशी गेली आणि स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून पाणी प्याली. आत्या तिच्याकडं बघतच राहिल्या. त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी.

मुलींसाठी खाटा मंचरहून आणल्या. एक जुनं लॉज मोडत होते, तिथले लाकडी पलंग मिळाले. चांगले सागवानी होते, खाली फळ्या मारलेल्या. मी फडक्यानं पुसून घेतले आणि वर नव्या गाद्या घातल्या.

दोन-तीन महिन्यांनी मुलींच्या हातावर, मानेवर पुरळ दिसायला लागलं. त्यांना वाटलं डास. त्यांनी कॉईल लावली, ओडोमॉससारखं काहीतरी चोपडलं. मलाही तसंच वाटलं. मग एकदा त्यांच्या चादरी धुवायला घेतल्या तर त्यावर रक्ताचे बारीक ठिपके. पुरळ नीट पाहिलं तर एका ओळीत तीन-तीन, चार-चार चावे. डास असं ओळीनं चावत नाहीत. मुली कॉलेजला गेल्यावर मी पलंगाची एक फळी उचकटली. खाचेत काळे डाग आणि त्यात दाटीवाटीनं बसलेले ढेकूण. मसुराच्या डाळीएवढे, काही रक्त पिऊन टम्म फुगलेले. एक चिरडला तर तो उग्र वास बोटाला दिवसभर राहिला.

खरं तर मी तेव्हाच मुलींना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ढेकूण कुणाच्याही घरात होतात, बंगल्यात होतात आणि लॉजमध्ये तर असतातच. पण आमच्या घरात झाले तर लोक काय म्हणतील, हे मला पाठ होतं. "त्यांच्याकडं तसंच असायचं." मुली घरी फोनवर बोलतील, कॉलेजात बोलतील, खोली रिकामी होईल ते वेगळंच. म्हणून मी लपवलं. मुली गेल्या की गाद्या उन्हात टाकायची, फळ्यांच्या फटीत उकळतं पाणी ओतायची, रॉकेलचा बोळा फिरवायची आणि त्या यायच्या आत सगळं जागच्या जागी. चार दिवस बरं वाटायचं. पुन्हा ठिपके.

त्याच सुमारास कॉलेजात रक्तदान शिबिर झालं. नाशिकच्या आणि साताऱ्याच्या मुलीला रक्त कमी आहे म्हणून परत पाठवलं. लातूरच्या मुलीचं घेतलं. ती बिस्किटचा पुडा आणि छातीला लावलेला बिल्ला घेऊन घरी आली. आत्यांनी तिला मुद्दाम अंडं उकडून दिलं.

तीन-चार आठवडे गेले. एका दुपारी पोस्टमननं तिच्या नावाचं पाकीट माझ्या हातात दिलं. रक्तपेढीचं होतं. ती आल्यावर मी तिला दिलं आणि भाकरीचं पीठ मळायला बसले. बराच वेळ आवाज नाही म्हणून वळून पाहिलं तर ती उंबऱ्यावर बसलेली, पत्र मांडीवर.

"काय गं? कुणाचं काय झालं का?"

"काकू, यात लिहिलंय की माझं रक्त तपासताना काहीतरी सापडलंय. येऊन भेटा म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला एकटीच जाऊन आली. परत आली ती सरळ माझ्याकडं. हिपॅटायटिस बी म्हणाली. लोक पांढरी कावीळ म्हणतात ती. "मला काहीच होत नाही हो काकू. भूक लागते, ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. तरी म्हणतात रक्तात आहे." आणि मग तिला रडू आलं. मी तिला जवळ घेतलं. घेतलं खरं, पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, हिचा घाम आपल्याला लागला तर?

त्या संध्याकाळी मी एक पोचा आलेलं ताट आणि एक निळा प्लॅस्टिकचा पेला बाजूला काढला. त्या ताटात तिला वाढलं आणि नंतर ते शेवटी, वेगळं घासून कोनाड्यात ठेवलं. स्वतःला सांगितलं, यात तिचं काही वाईट नाही, आपण काळजी घेतोय. तिच्या लक्षात आलं असणार.

आत्यांच्या लक्षात दोन दिवसांनी आलं. त्यांनी ते ताट कोनाड्यातून काढलं आणि मला विचारलं, "ह्ये येगळं का ठिवलंय?"

मी सांगितलं. तिला आजार आहे, रक्तातला आहे, लागतो.

आत्या खालीच बसल्या. म्हणाल्या, "मी नांदाया आले तवा कांदं लावाया जायचे. मळ्यावाल्या बाईनं आमची कपबशी वळचणीला ठिवलेली असायची. आपुन इसळायची, आपुन परत ठिवायची. पाणी वरनं वतायची, आमी ओंजळ धरायची. तिला कुणी सांगितलं व्हतं आमच्यापासनं काय लागतं म्हून? आणि तुला कुणी सांगितलं?"

"आत्या, हे तसलं नाही. हा खराच आजार आहे."

"आसंल. मग डाक्तरला इचार. त्यो म्हनला येगळं ठिव तर ठिव. तवर न्हाई." आणि त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी ते पोचा आलेलं ताट स्वतःसाठी घेतलं, त्यातच भाकरी कुस्करून खाल्ली.

मी डॉक्टरकडं जायचं आज-उद्या करत राहिले, कारण मग ढेकणांचंही सांगावं लागलं असतं असं मला उगाच वाटत होतं. ते न सांगताच बाहेर आलं.

रविवार होता. मी धुण्याच्या दगडाशी होते. नाशिकची मुलगी मंचरच्या नेट कॅफेतून आली, हातात छापलेले दोन कागद. ती मुलगी तोंडाची स्पष्ट, पण मनानं सरळ. तिच्यामागं साताऱ्याची उभी, चेहरा उतरलेला. लातूरची पायरीवर केस वाळवत होती.

"काकू, आमच्या खाटांना ढेकूण आहेत. काल मी एक पकडला." तिनं औषधाची छोटी बाटली पुढं केली. तळाशी दोन ढेकूण फिरत होते. "तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

"मग ऐका. यात लिहिलंय की हिपॅटायटिस बीचा विषाणू ढेकणाच्या पोटात सापडतो. बरेच दिवस टिकतो. आमच्या तिघींच्या खाटा शेजारी शेजारी आहेत. ढेकूण आधी हिला चावला आणि मग मला चावला, तर?" आणि मग लातूरच्या मुलीकडं वळून म्हणाली, "मी तुला बोलत नाहीये गं. मी ढेकणाबद्दल बोलतेय." पण लातूरची तोवर उठून आत गेली होती.

साताऱ्याची हळूच म्हणाली, "काकू, हिला दुसऱ्या खोलीत ठेवा ना. नाहीतर मी जाते."

दुसऱ्या खोलीत कांदा होता. आणि नसता तरी काय? आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "कुणी कुठं जात न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या सगळ्याजणी मंचरला चला. म्या बी येते. त्या बाटलीतलं बी संगं घ्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचजणी वडापच्या जीपमधून मंचरला गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. नाशिकच्या मुलीनं टेबलावर बाटली ठेवली आणि कागद पुढं सरकवले. त्यांनी चष्मा वर करून बाटली उजेडात धरली.

"छान पकडलेत," ते म्हणाले. "आता विचारा."

तिनं विचारलं. त्यांनी कागद वाचले, शेवटपर्यंत वाचले. मग म्हणाले, "हे खरं आहे. ढेकणाच्या अंगात हा विषाणू सापडतो, काही आठवडे राहतोही. पण तो तिथं वाढत नाही. नुसता पडून असतो. आणि ढेकूण चावून माणसाला हा आजार झाला, असं अजून कुणाला पक्कं दाखवता आलेलं नाही. लोकांनी शोधायचा प्रयत्न केलाय."

"म्हणजे होत नाही?"

"‘दिसलेलं नाही,’ एवढं मी म्हणेन. शास्त्रात ‘कधीच नाही’ म्हणायला आम्ही जरा कचरतो. पण या मुलीबरोबर राहायला घाबरावं, इतकं त्यात काही नाही. हा आजार कशानं होतो ते आम्हाला चांगलं माहीत आहे. रक्तातून, न उकळलेल्या सुईतून, आईकडून बाळंतपणात मुलाला, नवरा-बायकोच्या संबंधातून. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश एकमेकांचा वापरायचा नाही."

"आणि ताट?" आत्यांनी विचारलं. माझ्याकडं न बघता.

"ताटानं, पेल्यानं, एकत्र जेवल्यानं, हात धरल्यानं काही होत नाही आजी."

"मग एड्स?" साताऱ्याच्या मुलीनं विचारलं. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"तो ढेकणातून नाही आणि डासातूनही नाही. ते मनातून काढून टाक." मग ते सगळ्यांना म्हणाले, "दोन कामं करा. एक, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या आणि ज्यांना आजार नाही त्यांनी लस टोचून घ्या. तीन डोस असतात. लस घेतली की कोण कुणाला चावलं हा प्रश्नच मिटला. दुसरं, ढेकूण मारा. आजार पसरवत नसले तरी झोप घालवतात ना?"

आम्ही तिथंच तपासायला रक्त दिलं. नंतर ह्यांनाही पाठवलं.

रिपोर्ट आणायला मी आणि नाशिकची मुलगी गेलो. ती चिठ्ठ्या चाळत होती. तिची नाही. साताऱ्याचीही नाही. माझी नाही, ह्यांचीही नाही. शेवटच्या चिठ्ठीवर ती थांबली आणि माझ्या हातात दिली. आत्यांची होती. त्यांच्या रक्तात तोच आजार होता.

मला पहिलं आठवलं ते पोचा आलेलं ताट. डॉक्टरांनी इतकं समजावल्यावरही तेच आठवलं, याची मला आजही लाज वाटते. नाशिकची मुलगी मात्र दुसराच विचार करत होती. जीपमध्ये बसल्यावर ती म्हणाली, "काकू, आपण उलटंच धरून चाललो होतो. आजीकडून ढेकणामार्फत तिला आला असेल तर?"

"आत्या आपल्या घरात झोपतात गं. तुमच्या खोलीत कशाला येतील त्यांना चावलेले ढेकूण?"

"दुपारी येतात की. माझ्या खाटेवर झोपतात."

ते खरं होतं. मुली कॉलेजला गेल्या की आत्या तिथं वारं लागतं म्हणून पडायच्या.

आत्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "मला? मला काय धाड भरलीया?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर त्यांनी ते पोचा आलेलं ताट, एक तांब्या आणि स्वतःची वाकळ पडवीच्या कोपऱ्यात वेगळी मांडलेली. आदल्या आठवड्यात मला ज्यांनी इतकं सुनावलं, त्याच. मी म्हटलं, "आत्या, डॉक्टर काय म्हणाले?"

"त्या पोरीसाठी म्हनले. माझं येगळं. मी म्हातारी, माझं काय."

मी बोलून दमले. त्यांना उठवलं लातूरच्या मुलीनं. ती कॉलेजातून आली, कोपऱ्यात आजीशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, मला पण हाय अन् तुम्हाला पण हाय. मग आपण दोघींनी तरी एकत्र जेवायला काय हरकत?" तिनं स्वतःचं ताट तिथं आणलं. दोन दिवस दोघी पडवीत जेवल्या. तिसऱ्या दिवशी नाशिकची आपलं ताट घेऊन तिथं जाऊन बसली, मग मी. शेवटी आत्याच वैतागल्या, "समद्या हितं कशाला आलाय? चला आत, वारं सुटलंय."

डॉक्टरांनी लातूरच्या मुलीला सांगितलं होतं की घरी आईला तपासायला सांग. हे सांगायला तिला फार धीर करावा लागला. एसटीडी बूथवर ती उभी होती आणि मी बाहेर बाकावर. पंधरा दिवसांनी घरून फोन आला. आईलाही होता, मोठ्या भावालाही. कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तिला तो जन्मतःच मिळालेला, आमच्या खाटा अजून मंचरच्या लॉजमध्येच होत्या तेव्हापासूनचा. तिनं हे सांगितलं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. पण तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं तर तिथं काही हलकं झालेलं नव्हतं. आता तिला स्वतःबरोबर आईचीही काळजी होती. ती एवढंच म्हणाली, "आई सारखी म्हणतेय, माझ्यामुळं तुला. मी तिला म्हटलं, तुला तरी कुणी विचारून दिला होता का?"

आत्यांना कुठून झाला, हे कधीच कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी रक्त चढवलं होतं का, इंजेक्शनं घेतली होती का. आत्या म्हणाल्या, "सायकलीवर एक डाक्तर यायचा. डाक्तर व्हता का कंपौंडर, ठावं न्हाई. एकच सुई. ह्याला टोचली की पान्यात बुडवायची, की त्याला." मग हातावरचं गोंदण दाखवून म्हणाल्या, "ह्ये बी जत्रंत काढल्यालं. एका सुईनं दहाजणींचं." डॉक्टर मान हलवत राहिले. ढेकणांचं नाव कुणी काढलं नाही. नाशिकच्या मुलीनं काढलं असतं, पण ती त्या दिवशी परीक्षेला होती.

ढेकूण मारायला मात्र सगळ्यांनी हात लावला. ह्यांनी बटाट्यावर मारायचं औषध पंपात भरायची तयारी केली होती. डॉक्टरांनी ते आधीच बजावून ठेवलं होतं, बंद खोलीत शेतातलं औषध मारायचं नाही, ढेकणाआधी माणसं जातील. मग ते लाकडी पलंग बाहेर काढून मोडले आणि बंबात घातले. लोखंडी खाटा आणल्या. गाद्या फोडून कापूस उन्हात पसरला, खोळी उकळल्या, भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या, कपड्यांच्या पेट्या ओट्यावर रिकाम्या केल्या. साताऱ्याच्या मुलीनं दोन दिवस खपून मदत केली आणि तिसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. तिची इच्छा नव्हती असं मला वाटतं. जाताना ती लातूरच्या मुलीच्या गळ्यात पडली, दोघी खूप रडल्या. वडील टेम्पोशी उभे राहून घड्याळ बघत होते. मी त्यांना चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं. ढेकणांमुळं की आजारामुळं की आणखी कशामुळं, मी विचार करायचं सोडून दिलं.

आम्ही बाकीच्यांनी लस घेतली. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर जी कुणी मुलगी खोली बघायला यायची, तिला मी सुरुवातीलाच सांगायचे, आमच्याकडं एकदा ढेकूण झाले होते, आता नाहीत, दिसले तर लाजू नका, मला सांगा. काहीजणी ऐकून परत जायच्या. बऱ्याच राहायच्या.

लातूरची मुलगी शिक्षण संपेपर्यंत आमच्याकडंच राहिली. तिला पुण्यात नोकरी लागली. लग्नाच्या वेळी तिनं मुलाला आधी सगळं सांगितलं, रिपोर्ट दाखवले. एकानं नकार दिला, दुसऱ्यानं लस घेतली. तिची मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिचा फोन आला, की बाळाला जन्मल्या जन्मल्या दोन्ही मांड्यांवर इंजेक्शनं दिली काकू, डॉक्टर म्हणाले आता ही साखळी इथं तुटायला हरकत नाही. वर्षानं बाळाचं रक्त तपासलं. काही निघालं नाही. तेव्हा तिनं आधी आम्हाला कळवलं की आईला, हे मला विचारायचं राहून गेलं.

आत्यांना औषध लागलं नाही. विषाणू आहे पण त्रास देत नाही, लिव्हर चांगलं आहे, फक्त दर सहा महिन्यांनी तपासत जा, असं डॉक्टर म्हणाले. ती तपासणी म्हणजे आत्यांचा सण झाला. घडीची साडी, डोक्याला तेल, हातात रिपोर्टची पिशवी. रक्त दिलं की त्या मंचरच्या स्टँडवर रसवंतीत बसायच्या, बिगर बर्फाचा रस मागायच्या आणि शेजारी बसलेल्या बाईला कुठल्या गावची, कुणाची, सगळं विचारून घ्यायच्या. मग न विचारताच आपलं सांगायच्या, "मला पांढरी कावीळ हाय. पर ती आशी शेजारी बसून लागत न्हाई, भ्यायचं कारन न्हाई." एखादी बाई उठून जायची. एखादी आणखी जवळ सरकून हळूच विचारायची, "आमच्या पोराचं रक्त कुठं तपासतात वो आजी?" तिला त्या हाताला धरून दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून यायच्या. अशा वेळी आमची एसटी निघून जायची आणि मी पिशव्या सांभाळत पुढच्या गाडीची वाट बघत बसायचे.